तुकड्या वेगळ्या करून भूमिती सुटणार नाही

पत्र :

मी पुणे जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवते. मागच्या महिन्यात शाळेत एका वक्त्यांचं प्रशिक्षण झालं. त्यांनी पडद्यावर मेंदूची चित्रं दाखवून सांगितलं, की मुलग्यांचा उजवा मेंदू चालतो आणि मुलींचा डावा. मुलग्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांच्याशी मोठ्यानं बोलावं, त्यांना पळापळीच्या खेळांतून शिकवावं. मुलींना गोष्टींतून, हळू आवाजात शिकवावं आणि भूमितीत त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. मुख्याध्यापकांना हे इतकं पटलं, की येत्या जूनपासून आठवीची 'अ' तुकडी मुलींची आणि 'ब' मुलग्यांची करायचं चाललंय. खरं सांगायचं तर मलाही वर्गात फरक दिसतो. मुलगे प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर ओरडतात, वह्या मात्र अर्धवट. मुलींच्या वह्या बघत राहाव्यात अशा, पण फळ्यापाशी बोलावलं की मान खाली. प्रमेय तोंडपाठ असतं, आकृती जरा फिरवून दिली की अडतात. पालकसभेत विषय निघाला तेव्हा मुलींच्या पालकांनी लगेच होकार दिला. काहींनी वर्गातल्या छेडछाडीचं कारण सांगितलं. मी गप्प बसले. आता मुख्याध्यापकांनी माझं मत लेखी मागितलंय. काय लिहू?
– एक गणित शिक्षिका

उत्तर :

बाई,

लेखी मागितलंय हे बरं झालं. सभेत बोलला असतात तर ते चहा येईपर्यंतच टिकलं असतं. कागद फायलीला लागतो आणि पुढच्या वर्षी कोणी विचारलं तर काढून दाखवता येतो.

आधी त्या पडद्यावरच्या मेंदूचं पाहू. बहुतेक माणसांत भाषेची बरीचशी कामं मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात होतात, हे खरं. पण ते मुलग्यांतही तसंच असतं. एखादा माणूस 'उजव्या मेंदूचा' आणि दुसरा 'डाव्या मेंदूचा' असं काही नसतं. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली हजारावर माणसांचे मेंदूचे स्कॅन तपासले, त्यांना असे दोन गट सापडले नाहीत. २०१५ मध्ये इस्राएलच्या डॅफ्ना जोएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चौदाशेहून अधिक मेंदू पाहिले. पुरुषांचा मेंदू सरासरीनं थोडा मोठा भरतो, काही भागांत सरासरीचे फरकही दिसतात. पण एकाच माणसाच्या मेंदूत 'पुरुषी' आणि 'बायकी' म्हणावेत असे भाग सरमिसळ असतात. सगळेच्या सगळे भाग एकाच बाजूचे, असा मेंदू विरळा. आणि ऐकू येण्याचा मुद्दा तर सोडूनच द्या. कानाच्या क्षमतेत मुलगे-मुलींत सरासरीचा जो फरक आहे तो इतका बारीक आहे, की तुमच्या वर्गातला पंखा त्याहून जास्त अडथळा आणत असेल. पत्र्याच्या छपरावर पाऊस पडायला लागला की कोणालाच ऐकू येत नाही, तेव्हा मोठ्यानं बोला.

पण वक्ते चुकले म्हणून तुमच्या डोळ्यांना दिसतं ते खोटं ठरत नाही. फरक आहेत, आकड्यांतही उतरतात. २०२२च्या पिसा चाचणीत, म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, सहभागी विकसित देशांत वाचनात मुली सरासरी २४ गुणांनी पुढे होत्या, तर गणितात मुलगे ९ गुणांनी. आपल्याकडे 'असर' या शिक्षणाच्या पाहणीनं २०२३ साली ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना दुसरीच्या पातळीचा उतारा त्यांच्या भाषेत वाचायला दिला. ७६ टक्के मुलींना तो वाचता आला, मुलग्यांपैकी जेमतेम ७१ टक्क्यांना. साध्या गणितात आणि इंग्रजी वाचनात मात्र मुलगे पुढे होते. आणि आपला दहावीचा निकाल तर दरवर्षीच सांगतो. २०२५ मध्ये मुली ९६.१४ टक्के उत्तीर्ण, मुलगे ९२.३१.

आता हे सरासरीचे आकडे वर्गात आणून ठेवा. जॅनेट हाइड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००५ साली अशा फरकांच्या अभ्यासांचे ४६ संकलित आढावे एकत्र करून मापले. बहुतेक फरक लहान किंवा जवळजवळ शून्य निघाले. 'लहान' म्हणजे किती, हे मुख्याध्यापकांना असं सांगा. ज्या गोष्टीत मुलगे 'पुढे' आहेत असं त्या भाषेत म्हणता येईल, त्यात एक मुलगा आणि एक मुलगी अशा शंभर जोड्या चिठ्ठ्या टाकून निवडल्या, तर साधारण ५५-५६ जोड्यांत मुलगा वरचढ ठरेल. उरलेल्या ४४-४५ जोड्यांत मुलगी. या पायावर तुकडी पाडली, तर जवळपास निम्म्या जोड्यांत तुमचा अंदाज चुकणार. शाळेत आलेल्या मुलाला काय जमेल ते 'मुलगा की मुलगी' या रकान्यावरून ठरवायचं, आणि त्यानं पहिल्या घटक चाचणीत काय लिहिलंय ते बघायचंच नाही, याला शिकवणं म्हणत नाहीत.

मुलींचा निकाल चांगला लागण्यात नवं काही नाही. शाळेतल्या गुणांत मुली पुढे असणं १९१४ पासूनच्या नोंदींत दिसतं, तीसेक देशांत दिसतं. सर्वांत जास्त भाषेत, सर्वांत कमी गणितात. त्याचं कारण शोधताना अँजेला डकवर्थ आणि मार्टिन सेलिगमन यांनी २००६ साली नेमक्या आठवीच्याच मुलांकडे पाहिलं. वर्गाच्या गुणांत मुली स्पष्ट पुढे होत्या, प्रमाणित चाचणीत जेमतेम पुढे, आणि बुद्ध्यंकात तर किंचित मागेच. फरक पडत होता तो नेटानं बसून काम पुरं करण्यामुळे. बसून काम पुरं करायला मुलींना घरातूनच किती लहानपणी शिकवलं जातं, ते मी तुम्हाला सांगायला नको.

इथेच एक गाठ आहे. दहावीला इतक्या पुढे असलेल्या मुली आयआयटीत मात्र इतक्या कमी होत्या, की २०१८ पासून त्यांच्यासाठी जादा जागा निर्माण कराव्या लागल्या. त्या वर्षी १४ टक्क्यांचं लक्ष्य होतं, पुढे ते २० टक्क्यांवर नेलं. मधल्या दोन वर्षांत मेंदू बदलत नाही. लातूरला किंवा कोट्याला वसतिगृहात ठेवायचं कोणाला, फी कोणासाठी भरायची, आणि 'तिला जमेल का' हा प्रश्न कोणाबद्दल विचारायचा, ते बदलतं. फ्रान्समध्ये २०१८ पासून पहिलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाची चाचणी होते. पंचवीस लाखांहून अधिक मुलांचे हे निकाल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. शाळेत पाऊल टाकताना मुलगे-मुली गणितात जवळजवळ बरोबरीत होते. चार महिन्यांनी मुलगे पुढे सरकलेले दिसले, वर्षाअखेर आणखी. वाढत्या वयाबरोबर नव्हे, शाळेत काढलेल्या दिवसांबरोबर. बाई, याचा अर्थ असा की ते आपल्या हातून होतं. वर्गात.

म्हणून मी तुमच्या त्या वह्यांपाशी येते. बघत राहाव्यात अशा वह्या. माझ्या मते तुमच्या सगळ्या पत्रात कळीचं वाक्य तेच आहे.

मुलीनं पहिलीत रेघेला धरून अक्षर काढलं की तिला शाबासकी मिळते. समास सोडला, तारीख घातली, उत्तराखाली दुहेरी रेघ मारली की 'छान'. गणित चुकलं तर ती खोडून पुन्हा सुबक लिहिते. तपासताना आपल्याला फक्त बरोबर उत्तर दिसतं, तिच्या डोक्यात काय घडलं ते दिसत नाही. हळूहळू तिला कळतं, की शाळेत चुकणं म्हणजे पान खराब करणं. अशी मुलगी आठवीत फळ्यापाशी येईल कशाला? फळा म्हणजे साठ जणांसमोर उघडलेलं कच्चं पान. उलट मुलग्याची वही पाहून आपण ओरडतो ते अक्षरावरून, समासावरून, गडबडीवरून. कॅरल ड्वेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली वर्गांत बसून शिक्षकांची बोलणी टिपली होती. मुलग्यांना बसणारी बोलणी बरीचशी वागण्यावरून आणि अजागळपणावरून, मुलींना बसणारी बहुतेक उत्तर चुकल्यावरून. रोज अक्षरावरून बोलणी खाणाऱ्या मुलग्याला 'मला गणित येत नाही' असं वाटायचं कारणच उरत नाही. त्याच्या मते फक्त अक्षर वाईट असतं. मुलीचं अक्षर सुंदर, वही पूर्ण, तरी उत्तर चुकलं. मग ती काय निष्कर्ष काढेल? पालकसभेतही हेच चालतं. गुण सारखे असले तरी मुलग्याबद्दल 'डोकं आहे, बसत नाही', आणि मुलीबद्दल 'फार कष्ट करते'. दोघांचं नुकसान होतं, वेगवेगळ्या पद्धतीनं.

तेव्हा जूनमध्ये तुकड्या पाडण्याऐवजी हे करून बघा. एका सत्रापुरती गणिताच्या तासाला खोडरबर बंद. चुकलेली पायरी एका रेघेनं कापायची, खाली पुन्हा करायची. कच्च्या वहीतलं एक पान आठवड्याला तपासायचं, आणि त्यात शाबासकी मिळवायची असेल तर किमान एक कापलेला प्रयत्न दिसायला हवा. मुली पहिल्या आठवड्यात अस्वस्थ होतील. काही तर घरी जाऊन ते पान फेअर करून आणतील. परत पाठवा. मुलग्यांना उलट सांगा, की पायऱ्या लिहिल्याशिवाय उत्तर बरोबर असलं तरी मी बघणार नाही. बोर्डाचा परीक्षकही पायऱ्यांचेच गुण देतो, हे त्यांना दहावीत कळण्यापेक्षा आठवीत कळू दे.

ओरडून उत्तर देणाऱ्यांचं औषध जुनंच आहे. मेरी बड रो नावाच्या अमेरिकी बाईंनी सत्तरच्या दशकात मोजलं, तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबले, की उत्तरं लांब येत, आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागत. मनात 'एक विठ्ठल, दोन विठ्ठल, तीन विठ्ठल' म्हणा, मगच नाव घ्या. हात वर करणाऱ्याचं नको, हजेरीपटातल्या क्रमाशिवाय कुठलंही. दोघींनी बाकावर आपसांत बोलून मग उत्तर द्यायचं असं ठेवलंत, तर फळ्यापाशी एकटं येण्याची भीती आणखी कमी होते.

आता भूमिती. आकृती मनात फिरवून पाहणं या एका कौशल्यात मुलग्या-मुलींतला सरासरी फरक इतर कशाहीपेक्षा मोठा आढळतो, हे मान्य करून टाका. वक्त्यांच्या सगळ्या बोलण्यात खरा कण असेल तर हाच. पण हेच कौशल्य सरावानं दोघांतही वाढतं, हे २१७ अभ्यासांच्या २०१३च्या एकत्रित आढाव्यात स्पष्ट दिसलंय. सराव म्हणजे काय, तर ठोकळे, घड्या, आकृत्या जुळवणं. लहानपणी स्क्रू काढून सायकल खोलायची मुभा कोणाला होती ते आठवा. वर्गात काटकोन त्रिकोण नेहमी आडव्या पायावर, काटकोन खाली डावीकडे, असाच काढला जातो. एकदा तो कलता काढा, शिरोबिंदू खाली करा, अक्षरं बदला. कागदाच्या घडीनं कोन दुभागून दाखवा. आणि एक गोष्ट मला नेहमी गंमतीची वाटते : स्नेहसंमेलनाला ठिपक्यांची रांगोळी काढायला आपण मुलींनाच बसवतो, ज्यात सममिती, परिवर्तन, प्रमाण सगळं हातानं चालतं, आणि मग त्याच मुलींना भूमितीत कच्च्या ठरवतो. पुढच्या वेळी मुलग्यांना रांगोळीला बसवा, मुलींना माईक आणि प्रोजेक्टर जोडू द्या. दोन्हीकडे सरावच आहे.

तुमच्याकडे विज्ञानाचे सर कोण असतील त्यांच्या प्रयोगशाळेतही डोकावून या. चार जणांच्या गटात मुलगे उपकरणाला हात लावत असतील आणि मुली जर्नल लिहीत असतील, तर गटात पाळी लावायला सांगा. याला एक रुपयाही लागत नाही.

घटक चाचणीचे पेपर नाव झाकून तपासा, बैठक क्रमांकावर. बोर्डात बारकोड असतो तो याचसाठी. इस्राएलमध्ये लेव्ही आणि सँड यांनी प्राथमिक वर्गांतली नाव दिसणारी आणि न दिसणारी तपासणी ताडून पाहिली. ज्या शिक्षकांच्या तपासणीत गणितात मुलग्यांना झुकतं माप मिळत होतं, त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलींनी पुढे उच्च पातळीचं गणित कमी घेतलं. तुमचं माप झुकतं आहे असं मी म्हणत नाही. झाकून तपासलंत तर तुम्हालाच कळेल.

मुलग्यांबद्दल एवढं सांगितलंच पाहिजे, की त्यांचा प्रश्न मराठीच्या तासाला आहे, आणि तो कोणी विचारत नाही. 'असर'च्या आकड्यात वाचता न आलेले २९ टक्के मुलगे कुणाच्या वर्गात बसले होते? जो आठवीत अडखळत वाचतो त्याला गणितातला शाब्दिक प्रश्न तरी कसा कळेल? ग्रंथालयाचा तास कवायतीला देऊ नका. त्याला क्रिकेटचं वाचायचंय तर क्रिकेटचं, शेतीच्या औषधाच्या डब्यावरची सूचना वाचायची तर ती. मोठ्यानं वाचू द्या, हसणाऱ्यांना आवरा.

मुली आणि मुलगे वेगळे बसवून काही फायदा होतो का, हा प्रश्न प्रामाणिकपणे घ्यायला हवा. दक्षिण कोरियातल्या सोल शहरात मुलांना शाळा चिठ्ठ्या टाकून मिळत, आणि तिथे एकलिंगी शाळांतल्या मुलांचे गुण थोडे जास्त आढळले. दुसऱ्या बाजूला २१ देशांतले १८४ अभ्यास, सोळा लाख विद्यार्थी २०१४ मध्ये एकत्र पाहिले, तर ज्या अभ्यासांत घरची परिस्थिती वगैरे हिशोबात धरली होती त्यांत फायदा जवळजवळ उरला नाही. म्हणजे कन्याशाळा वाईट नाहीत, पण त्यात जादूही नाही. आपल्याकडच्या मुलींच्या शाळा मेंदूच्या सिद्धांतावर निघाल्याच नव्हत्या. १८४८ मध्ये भिडेवाड्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींसाठी शाळा काढली, १८८४ मध्ये हुजूरपागा निघाली, ती मुलींना दुसरं दारच नव्हतं म्हणून. हुजूरपागेत मुलींना मुलग्यांसारखंच शिकवतात म्हणून टिळकांनी टीका केली होती. म्हणजे वाद त्याही वेळी 'सारखं की वेगळं' हाच होता. साठच्या दशकात हंसाबेन मेहता समितीनं आणि मग कोठारी आयोगानं अभ्यासक्रमात भेद नको असं सांगितलं, दहावीपर्यंत गणित-विज्ञान सर्वांना सक्तीचं असावं म्हणून. मधल्या काळात १९३३ साली सी. व्ही. रामन यांनी कमला भागवतांना, पुढच्या कमला सोहोनींना, केवळ बाई म्हणून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत घ्यायला नकार दिला. त्या हटून बसल्या, अटींवर का होईना प्रवेश मिळवला, आणि १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन मोकळ्या झाल्या. रामन यांच्या बुद्धीबद्दल कोणाला शंका नाही. अंदाज मात्र चुकला.

मुख्याध्यापकांना मात्र सिद्धांतापेक्षा एक व्यवहाराचा प्रश्न विचारा : 'ब' तुकडीचं वर्गशिक्षकपद कोण घेणार? शिक्षकखोलीत सगळ्यांना माहीत आहे काय होईल. शिस्तीची 'अ' तुकडी ज्येष्ठांकडे जाईल, 'ब' नवख्या शिक्षकाच्या गळ्यात पडेल, मग वर्षभरात 'मुलग्यांची तुकडी म्हणजे वाया' असं नाव पडेल, आणि निकाल आणखी खाली जाईल. त्यांना निकालाची काळजी आहे, तेव्हा हे त्यांना लगेच कळेल.

तुमच्या लेखी मतात हे सगळं घालू नका. एका पानात बसवा : प्रशिक्षणात सांगितलेल्या मेंदूच्या गोष्टींना आधार नाही, आमच्या वर्गातला फरक सवयींचा आहे, तुकड्या मिश्रच राहाव्यात, पहिल्या सत्रात मी अमुक चार गोष्टी करून दोन्ही घटक चाचण्यांचे गुण नाव झाकून मांडून दाखवीन. अशी तारीख दिलीत की मुख्याध्यापकांना नाही म्हणणं अवघड जातं.

आणि छेडछाड वेगळ्या कागदावर. ती मेंदूच्या चित्रांत मिसळू देऊ नका. मुलींचे पालक ज्या कारणानं 'हो' म्हणाले ते कारण खरं आहे, आणि तुकड्या वेगळ्या केल्या तरी एसटीच्या थांब्यावर, पाण्याच्या टाकीपाशी, मधल्या सुट्टीत तेच मुलगे आणि त्याच मुली असणार आहेत. २०२२च्या शासन निर्णयानुसार तुमच्या शाळेत विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असायला हवी. ती फलकावर नावं लिहिण्यापुरती आहे की बैठका घेते, ते इतिवृत्ताच्या वहीत पाहा. ज्या पालकांनी सभेत तक्रार केली त्यांच्याशी, आणि त्यांच्या मुलींशी त्यांची तयारी असेल तर, या आठवड्यात बोला. काय घडलं, कुठे, किती वेळा, ते लिहून घ्या. मुलीचं नाव कागदाबाहेर जाणार नाही याची हमी आधी द्या आणि पाळा. प्रकार लैंगिक छळाचा असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं मुख्याध्यापकांवर आणि तुमच्यावरही बंधनकारक आहे, तिथे समितीची वाट बघायची नसते. हा कागद मताच्या कागदाआधी द्या.